टिटवीची चार अंडी आणि संयुक्त पथक

एका जंगलातून एक ओढा वाहत होता, मुलांनो. म्हणून ते जंगल एक नव्हतं, दोन होती. अलीकडे वाघाचं राज्य, पलीकडे अस्वलाचं.

ओढ्याकाठच्या वाळूत टिटवीने चार अंडी घातली. दुसऱ्याच दिवशी एक गेलं. मुंगूस अलीकडे चोरायचं, घोरपड पलीकडे लपवायची. दोघांचं कधी भांडण झालेलं कोणी ऐकलं नव्हतं.

टिटवीने दोन्ही दरबारांत आरडाओरडा केला. मग राजे भेटले, संयुक्त पथक नेमलं. चोरामागे सीमा ओलांडायला परवानगी मिळाली. टिटवीला वाटलं, आता उरलेली तीन वाचली.

तेवढ्यात मुंगसाने दुसरं उचललं आणि ओढ्यात घोरपडीच्या हवाली केलं. पथकाचा नाईक म्हणून वाघाकडचं रानडुक्कर मागे धावलं. टिटवी वरून वाट दाखवत होती. पलीकडे घोरपडीची शेपटी अगदी हातभर अंतरावर राहिली, आणि झुडपातून अस्वलाचा प्रधान हार घेऊन पुढे आला.

"पाहुणे, असे कसे निघालात? पहिल्यांदाच येताय आमच्याकडे."

"अहो, चोर पळतोय," रानडुक्कर म्हणालं.

"चोर काय, उद्याही पळेल. बसा, नारळ तरी घ्या."

सत्कार नाकारला तर अस्वलाचा अपमान. रानडुक्कर बसलं. प्रधान दोन राज्यांच्या जुन्या स्नेहावर बोलला. नंतर पाहुण्याने आभार मानले, तेही सविस्तर.

पुढच्या चोरीला मुंगसामागे पथकातली अस्वलाची तुकडी अलीकडे आली. वाघ मागे राहतो की काय? त्याने शाल दिली. तिसरं अंडं गेलं.

टिटवी शेवटच्या अंड्यावर दिवसभर बसून राहिली. संध्याकाळी ती घोरपडीकडे गेली.

"मावशी, हे एक तरी राहू द्या."

घोरपडीने अलीकडच्या काठाकडे नुसतं पाहिलं. मुंगूस लगेच पोहत आलं, पत्र नाही, हार नाही. दोघं क्षणभर कुजबुजली.

"राहील," घोरपड म्हणाली. "दोन्ही काठांवर कोणी हात लावणार नाही. पण बाई, पुढच्या विणीला चारातली दोन आमची."

पथकाच्या भरवशावर चारातलं एकच उरलं होतं. टिटवीने मान हलवली.

पिल्लू सुखरूप बाहेर आलं. पथकाच्या यशाबद्दल दोन्ही काठांवर पुन्हा सत्कार झाले. टिटवीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. ती एकदाही ओरडली नाही.

तात्पर्य: सीमेपलीकडच्या सहकार्याने सुरक्षा हमखास मिळते. फक्त ते सहकार्य चोरांचं असावं.