निमा जाधवची चाकं

निमा जाधवच्या घरी चहा घेऊ नका. चहा बाई छान करते, आलं-फुदिना घालून, पण तिच्या घरात गाळणी एकच आहे आणि त्या गाळणीत ती बेअरिंगं धुते.

चुकून नाही हो, ठरवून धुते! रविवारी सकाळी गच्चीवर वर्तमानपत्र पसरायचं, वाटीत रॉकेल ओतायचं, स्केटबोर्डची चाकं काढायची, चाकांतली इवलाली बेअरिंगं बाहेर घ्यायची, सुईच्या टोकानं त्यांची झाकणं उचकटायची, आणि मग आपण साबुदाणा धुतो ना, तशी ती गाळणीत घालून रॉकेलमध्ये बुचकळायची. वाळली की एकेक बेअरिंग बोटावर अडकवून कानापाशी नेते आणि फिरवते.

"ऐका काकी, ऐका! गातंय की नाही?"

मला काहीच ऐकू येत नाही. पण तिचा चेहरा बघितला की नाही म्हणवत नाही. मी म्हणते, "गातंय बाई, झकास गातंय."

ज्यांनी स्केटबोर्ड बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीतभर रुंद, पावणेदोन हात लांब अशी फळी. खाली चार चाकं, वर माणूस. धरायला काही नाही. बस, एवढंच. आता यात नाद लागण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. पण आमच्या बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत निमा राहायला आली आणि या फळीत किती भानगडी असतात ते मला कळलं.

निमा एका गुजराती शाळेत पीटीची शिक्षिका. उंच, सडपातळ, गळ्यात शिट्टी, चाळिशी कधीच ओलांडलेली. लग्न केलं नाही. जाधवांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि ते रक्त काही पुसलं गेलेलं नाही. बोर्ड कसा आला म्हणाल तर तिचा दादा अमेरिकेहून आला तेव्हा. ते दिवस तसेच होते, घराघरांत कुणी ना कुणी तिकडून यायचं आणि बॅगा उघडल्या की सगळी सोसायटी भोवती. भाचा आपला बोर्ड घेऊन आला होता. आपले रस्ते बघून दोन दिवसांत त्याला कंटाळा आला आणि जाताना तो पलंगाखाली टाकून गेला. निमा केर काढायला वाकली, बोर्ड बाहेर ओढला, पॅसेजमध्ये त्यावर उभी राहिली आणि सरळ न्हाणीघराच्या दारावर जाऊन आदळली. कपाळाला टेंगूळ आलं. उठली ती हसतच. "काकी, जनावर तापट आहे," म्हणाली, "पण जातिवंत आहे!"

तेव्हापासून ते जनावरच. बोर्डला कधी 'ठेवलाय' म्हणणार नाही, 'बांधलाय' म्हणणार. आणि हात लावायची सोय नाही. आमच्या शेजारच्या हर्षाबेननी एकदा नुसता पाय ठेवला तर ही किंचाळली, "हर्षाबेन, उतरा! आतलं रबर माझ्या वजनाची सवय धरतंय!"

हर्षाबेन भारदस्त बाई. त्यांना ते लागलं. "एटले? मारुं वजन वधारे छे, एम?" म्हणाल्या. माझं वजन जास्त आहे, असं म्हणायचंय का तुला?

"तसं नाही हो, वजन कुणाचंही असो. आजोबांनी त्यांचा घोडा कुणाला दिला नाही, मी बोर्ड देणार नाही."

आठवडाभर दोघी बोलत नव्हत्या. मग हर्षाबेननीच मेथीचे ठेपले पाठवले. निमानं ठेपल्याला नख लावून बघितलं आणि म्हणाली, "वा! ब्याऐंशी!"

हे आकड्यांचं प्रकरण सांगायलाच हवं. स्केटबोर्डच्या चाकांचा मऊपणा-कडकपणा म्हणे आकड्यात मोजतात. नव्याण्णव म्हणजे दगड, अठ्ठ्याहत्तर म्हणजे लोणी. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून निमानं हे सगळं वाचून काढलं आणि मग तिला जगात दुसरं मोजमाप राहिलं नाही. खाखरा नव्याण्णव. हापूस पंच्याहत्तर, म्हणजे आजच कापा. भाजीवाला तिला बघितलं की वांगी झाकतो, कारण ही प्रत्येक वांग्याला नख लावणार. माझी पुरणपोळी खाल्ली की डोळे मिटून म्हणते, "अठ्ठ्याहत्तर, काकी, अठ्ठ्याहत्तर!" इतकं कौतुक माझ्या सासूबाईंनीही कधी केलं नाही.

बुटांचं तर विचारूच नका. उजव्या पायानं ढकलायचं आणि त्याच पायानं थांबवायचं, त्यामुळे उजव्या बुटाचा तळ चाळणी होतो आणि डावा आपला नवाकोरा. दुकानात जाऊन म्हणते, "मला फक्त उजवा द्या." दुकानदार म्हणतो, "बेन, डावा मी कोणाला देऊ?" तिच्या खाटेखाली डाव्या बुटांची रांग आहे. पांढऱ्या कॅनव्हासचे, एकाही बुटाला डाग नाही.

उत्तरायणाची गंमत तर सोसायटीत अजून सांगतात. बडोद्यात पतंग उडून झाले की दुसऱ्या दिवशी रस्ताभर मांजा पडलेला असतो. तो चाकात शिरला की बेअरिंगचा सत्यानाश. म्हणून निमा सकाळीच काठीला खिळा लावून निघाली आणि गल्ल्यागल्ल्यांतून मांजा गुंडाळत फिरली. लोकांना वाटलं, पक्ष्यांसाठी करतेय बिचारी. सोसायटीनं सभा घेतली, शाल-श्रीफळ दिलं, प्रमुखांनी 'जीवदया' या विषयावर लांबलचक भाषण केलं. निमा शेजारी मान खाली घालून बसलेली. मला कानात म्हणाली, "काकी, शाल छान आहे. बेअरिंगं पुसायला मऊ पडेल."

घरात ती आणि तिची आई. सगळे त्यांना आईसाहेब म्हणतात. डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून त्या चालत नाहीत, पण जीभ तलवारीसारखी. निमा त्यांना एका चाकांच्या खुर्चीतून न्हाणीघरात नेते-आणते. खुर्चीची चाकं काळ्या प्लास्टिकची. उंबऱ्यावरून, फरशीच्या सांध्यांवरून खडाखडा वाजायची, आणि त्यावर आईसाहेब वाजायच्या. "मेले, हाडं मोजतेस का माझी?" निमा खुर्ची मागे झुकवून हळूच पुढे घ्यायची. मदतीला गेलं तर म्हणायची, "राहू द्या काकी, जमतं मला."

फळीवरून आईसाहेबांचा रोज एक टोमणा ठरलेला. "जाधवांची पोर घोड्यावर शोभली असती. ही पाटावर उभी राहते आणि पाट पळतो."

आता मुख्य गोष्ट. आमचं बडोदे पोळपाटासारखं सपाट. सायकलवाल्याला सुख, पण निमाला दुःख. तिला उतार हवा होता. न ढकलता, नुसतं उभं राहून सुटायचं, हे तिचं स्वप्न. आणि अशात आमच्या बाजूला रेल्वेवरून नवा पूल व्हायला लागला. लोक सोनं बघायला जातात तशी निमा तो पूल बघायला जायची. डांबर पडलं त्या दिवशी पेढे वाटले तिनं! चौकीदाराला वश केलं. रविवारी दुपारी पुढारी येऊन फीत कापणार, मग ट्रकांचं राज्य. त्याच्या आधी, रविवारी सकाळी, तासभर पूल तिचा. नंतर जन्मात नाही.

पण चाकं कुठे होती? जुनी झिजून सुपारीएवढी झालेली, वर दगडासारखी कडक. "नव्या डांबरावर याच्यावरून गेले तर दात पडतील काकी. नाही जाणार. गेले तर नव्यावर." तिनं दादाला फोन केला. मोठी हवीत, मऊ हवीत, अठ्ठ्याहत्तर हवीत. तीन वेळा आकडा म्हणून घेतला त्याच्याकडून. त्याच आठवड्यात दादाच्या ओळखीचं कुणी इकडे यायचं होतं. येतंय की नाही, येतंय की नाही, सगळी सोसायटी जीव मुठीत धरून. हर्षाबेननी तर नवस बोलला.

बुधवारी आली चाकं! केशरी, काचेसारखी आरपार, लाडवाएवढी. निमा पायऱ्या दोन-दोन चढत माझ्याकडे आली. नख लावलं, गालाला लावलं, हुंगलं. "काकी, हुंगा! नव्या खोगिराचा वास येतोय की नाही?" मला रबराचा आला. पण ती चाक माझ्या नाकापासून हलवेना, म्हणून मीही मान डोलावली.

त्यानंतर तीन दिवस तिच्या घरातून ठोकाठोकीचे आवाज. स्कूटर काढून गोरव्याच्या वर्कशॉपांत काय गेली, पिशवीत लोखंड काय आणलं. आम्हाला वाटलं, तयारी जोरात आहे.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही पुलाच्या तोंडाशी हजर. हर्षाबेननी थर्मासात चहा आणलेला, त्यांच्या घरचा, वेगळ्या गाळणीचा. कुणी सेव-उसळ आणलेली. मी कुंकवाचा करंडा घेतला होता, म्हटलं पोरीला ओवाळू. सगळ्यांच्या माना रस्त्याकडे.

निमा आली. पण बोर्डवर नाही, पायी. पुढ्यात खुर्ची, खुर्चीत आईसाहेब, डोक्यावरून पदर, कमरेला निमाच्या दुपट्ट्याचा पट्टा. आणि खुर्ची आली ती मांजरीसारखी. आवाजच नाही! मी खाली बघितलं. चार केशरी चाकं.

"आ शुं, निमाबेन?" हर्षाबेन ओरडल्या. "बोर्ड क्यां?"

"घरी," निमा म्हणाली. "गोरव्यातून लोखंडी पकडी करून घेतल्या आणि चाकं बसवली. घरातल्या घरात दोन दिवस, मग बोर्डला लावणार होते. आईसाहेबांना पॅसेजमधून नेलं, तर न्हाणीघर आलं तरी त्यांना कळलंच नाही. म्हणाल्या, 'थांबलीस का?'" ती खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिली. "मग काढवेनात मला. आणि म्हटलं, दुपारनंतर ही खुर्ची काही पुलावर जायची नाही."

आम्ही सगळ्या खुर्चीमागून निघालो. चढ सुरू झाला. अर्ध्यावर निमाचा श्वास फुलला. मी सवयीनं हात पुढे केला आणि सवयीनंच मागे घेतला. तर तीच म्हणाली, "काकी, इकडून धरा ना. हर्षाबेन, तुम्ही तिकडून."

हर्षाबेननी थर्मास दुसरीच्या हातात दिला. मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि लावला जोर.

वर वारा होता. खाली रूळ, लांबवर झाडं, धुरकट गच्च्या, आणि सगळ्याच्या वर सकाळ. आईसाहेब कितीतरी वेळ बघत राहिल्या. घरातल्या खिडकीतून त्यांना समोरची भिंत दिसते, आम्हा सगळ्यांना माहीत होतं ते. एक मालगाडी पुलाखालून गेली, ती शेवटच्या डब्यापर्यंत त्यांनी बघितली.

मग म्हणाल्या, "आता उतरायचं कसं?"

"मी मागून धरून, हळूहळू," निमा म्हणाली.

"हळूहळू कशाला? तू नाही का रोज सुटतेस! मी खिडकीतून नुसती चाकं ऐकते तुझी. कोपऱ्यापर्यंत ऐकू येतात, मग नाही येत. मग मी बसते वाट बघत."

निमाचा चेहरा मला दिसला नाही, ती वाकून पट्टा घट्ट करत होती. फार वेळ करत होती. मग तिनं खुर्चीच्या पाठीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि धावायला लागली.

अहो, काय धावली! पीटीची बाई ती, लांब ढांगा टाकत, खुर्ची न सोडता, आणि आईसाहेबांचा पदर डोक्यावरून उडून मागे फडफडतोय, आणि त्या एका हातानं खुर्चीचा दांडा धरून ओरडतायत, आणि आम्ही बायका मागून धावतोय, थर्मास-करंड्यासकट, आणि चौकीदार खालून दोन्ही हात हलवतोय, थांबा म्हणून की या म्हणून, कोण जाणे.

खाली निमानं टाचा रोवून खुर्ची थांबवली. दोघीही हसत होत्या आणि दोघींच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानं येतं तसं. चौकीदारानं घड्याळ दाखवलं.

आईसाहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चांगल्या हातानं केस मागे सारले, पदर खांद्यावरच राहू दिला, आणि मान न वळवता म्हणाल्या, "काय गं बायांनो, दमलात? चला, फिरवा खुर्ची. परत वर."