लिफ्ट-तपासनिसाचा परवाना

माणसाचे दात पडतात, नोकरी सुटते, पण एकदा हाती आलेला परवाना सुटत नाही.

आमचे तपासनीस गेली चौदा वर्षं सासऱ्यांच्या गाद्यांच्या दुकानात बसतात. या काळात त्यांनी तपासलेल्या लिफ्ट : शून्य. (तपासलेल्या गाद्या : अगणित, बहुतेक जेवणानंतर.) तरीही दरवर्षी फी भरून ते परवान्याचं नूतनीकरण करतात. अर्जात 'वर्षभरात केलेल्या तपासण्या' असा रकाना असतो. त्यात ते सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहितात. खात्याला त्यात आजवर एकही चूक सापडलेली नाही.

यंदा बायकोने अर्ज हातातून काढून घेतला.

"अहो, हे लोढणं गळ्यात बांधून किती वर्षं हिंडणार? बंद करा आता."

"बंद केलं तर मी कोण उरतो?"

"गादीवाले."

हे त्यांना फार लागलं. दुकान सासऱ्यांचं, गल्ला मेहुण्याच्या ताब्यात. स्वतःचं म्हणावं असं त्या कागदावरचं नाव तेवढं होतं. तरी मन घट्ट करून ते परवाना परत करायला निघाले.

परत करण्याची पद्धत अत्यंत सोपी आहे. मुदत संपलेला परवाना खातं परत घेत नाही, म्हणून आधी नूतनीकरण करायचं. नूतनीकरणासाठी यंदापासून एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते खात्याच्या कचेरीत, सहाव्या मजल्यावर.

बेचाळीस परवानाधारक हजर होते. "प्रत्यक्ष काम कोण करतं?" प्रशिक्षकाने विचारलं. एकही हात वर गेला नाही. (प्रशिक्षकाचाही.) एकजण भूमिती शिकवत होते, एका बाईंनी पाळणाघर काढलं होतं, उरलेले 'सल्लागार' होते, म्हणजे घरीच होते.

"मग लिफ्ट तपासतं कोण?" आमच्या तपासनिसांनी विचारलं.

"आहेत ना माणसं. दिवसाला वीस-वीस उरकतात."

"त्यांच्याकडे परवाना?"

"अहो, त्यांना प्रशिक्षणाला यायला वेळ कुठला!"

इतकी निरंक माणसं एका छताखाली पाहून आमच्या तपासनिसांना भरून आलं. परत करण्याचा अर्ज त्यांनी खिशातच ठेवला आणि नूतनीकरण करून टाकलं.

"त्या कागदाचा उपयोग काय झाला, ते तरी सांगा," घरी बायको म्हणाली.

उपयोग झाला होता. सकाळी बेचाळीसच्या बेचाळीस जण सहा मजले जिन्याने चढले होते आणि संध्याकाळी जिन्यानेच उतरले होते. लिफ्ट बंद नव्हती. तिच्यात सबंध दिवस तुमच्यासारख्या बिनपरवाना लोकांची गर्दी होती.