करवंटीवाले सोनकांबळेमामा

आमच्या घरी नारळ फुटला की पाच मिनिटांत सोनकांबळेमामा दारात उभे. "खोबरं तुमचं, करवंटी माझी," म्हणत पिशवी पुढं करतात. नारळ फुटल्याचा आवाज यांना बरोबर ऐकू जातो. एरवी तीन हाका माराव्या लागतात.

मामा नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळ धरतात, मामांनी बॅटरी धरली. करवंट्यांचे तुकडे डब्यात भरायचे, झाकण मातीनं लिंपायचं आणि डबा भट्टीत ठेवायचा. हवा लागली तर राख, नाही लागली तर कार्बन. त्याची पूड कॉलेजातल्या मॅडमना द्यायची. त्या तिच्यापासून रुपयाएवढी बॅटरी बनवून तपासतात.

"सोडियमची बॅटरी हाय, ताई," चहा पिता पिता मामा मला शिकवतात. "सोडियम अंगानं दांडगं. त्याला ऐसपैस जागा लागती. करवंटीच्या कार्बनात लई खोल्या. चार्ज केलं की येऊन बसतं, वापरलं की जातं, पुन्हा येतं."

"कार्बन भाडं घेतो का?" मी विचारलं. मामा हसले नाहीत. विज्ञानात त्यांना चेष्टा खपत नाही.

आमचा नवा सोफा बघायला अख्खी गल्ली आली. मामांनी त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "लाकूड भारी हाय. कार्बन झकास निघंल." तेव्हापासून आमचे हे मामांना सोफ्याजवळ एकटं सोडत नाहीत.

पण या वयात माणूस उन्हातान्हात दहा-बारा घरं फिरतो, हे मला बघवेना. इडलीवाल्याकडून करवंट्यांचं पोतं भरून घेतलं आणि रिक्षानं थेट मामांच्या दारात उतरवलं. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

पोतं पाहून मामांचा चेहराच उतरला. "कशापायी आणलं हे?"

मागची खोली उघडी होती. आत छतापर्यंत करवंट्याच करवंट्या.

"अगंबाई! मामा, एका बॅटरीला लागतं तरी किती?"

"चिमूटभर."

"मग दारोदार कशाला फिरता?"

"मामी गेल्यापासून घरात बोलायला कुणी न्हाई, ताई. नुसतंच बसायला आलो तर लोक चार दिवस बसवतील. पाचव्या दिवशी इचारतील, काय काम काढलं? करवंटी मागायला आलेल्याला तसं कुणी इचारत न्हाई."

माझी मलाच लाज वाटली. रिक्षा अजून उभी होती. मी पोतं पुन्हा तिच्यात चढवलं.

"उद्या सकाळी या, मामा," मी म्हणाले. "घरात नारळ नाही. तरी या."