दोनशे ऐंशी पानांचं कुलूप

"दोनशे ऐंशी पानं वाचली, बाबा! आणि शेवटी काय, तर दार नुसतं लोटलेलं होतं!" मुलीने पुस्तक पलंगावर आदळलं.

कुमारांसाठीची ऐतिहासिक रहस्यकथा होती ती. दोनशे वर्षांपूर्वीचा किल्ला, बंद खोलीतून नाहीसा झालेला राजमुकुट आणि त्याचा छडा लावायला निघालेली चौदा वर्षांची राजकन्या. चोर कुलूपबंद खोलीत शिरला कसा, यावर सगळा दरबार पानोपानी डोकं फोडतो. शेवटच्या पानावर कळतं, कुलूप लागलंच नव्हतं. एक दासी चाळिसाव्या पानापासून तेच सांगू पाहते. पण जो तो तिला गप्प बसवतो.

पुस्तक दिलं होतं आत्याने. आत्या एका शाळेत ग्रंथपाल. सहा वाजता ती भाचीचं मत ऐकायला येणार होती. भाचीला खोटं बोलवत नव्हतं, खरं बोललं तर आत्या हिरमुसणार.

"ताईला मी सांगतो," बाबा म्हणाले. बाबा कुलूपवाले. 'कोणतेही कुलूप पाच मिनिटांत' हे त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं, आणि पाटीपेक्षा ठळक त्यांच्या चेहऱ्यावर. लेकीच्या हट्टापायी त्यांनीही गिऱ्हाइकांच्या अधेमधे पुस्तक संपवलं होतं. "लिहिणाऱ्याने जन्मात कुलूप पाहिलेलं नाही. लागलेलं दार आणि लोटलेलं दार मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. चल, दाखवतो."

दोघं बाहेर आली. बाबांनी दार जोरात ओढलं. धाड!

"ऐकलंस? हे लागलं."

"हो. आणि किल्ली?"

किल्ली आत होती. हत्यारांची पिशवी आत, फोन आत, दुकानाची किल्लीही आत. आई कामावर; ती आठला येणार. या दाराच्या लॅचबद्दल आई तीन महिने काहीतरी सांगत होती, पण नेमकं काय ते बाबांना आठवेना. घरच्या कुलपाकडे बघायला कुलूपवाल्याला वेळ कुठला!

"बाबा, एकदा ढकलून—"

"अडाणी माणसं दार ढकलतात. तू केसांची पिन दे."

पहिली पिन वाकली. दुसरी मोडली. आवाज ऐकून खालचे शिंपीकाका वर आले.

"काय हो मिस्त्री, स्वतःच्याच घरी धंदा?"

"लेकीला शिकवतोय," बाबा म्हणाले.

काकांनी आपणहून दाभण आणून दिला आणि पायरीवर ऐसपैस बसून घड्याळ बघायला लागले. "पाटीवर पाच मिनिटं लिहिलंय ना? आता पंचवीस झाली. नाही, मला घाई नाही."

"काका, मी म्हणते एकदा ढकलून—"

"गप गं पोरी," काका म्हणाले, "त्यांचं चित्त विचलित होईल."

तिसरी पिन, चौथी पिन, छत्रीची तार. बाबांचा सदरा पाठीला चिकटला. मुलीच्या डोक्यावर एकही पिन उरली नाही. केस डोळ्यांवर आले. पुन्हा तोंड उघडावं की नाही, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात दोन्ही हातांत पुस्तकांच्या पिशव्या घेऊन आत्या जिना चढून आली.

"सरका रे, हात तुटले माझे," म्हणत तिने दाराला खांदा दिला.

दार उघडलं. चौकटीत जरा घट्ट बसलं होतं, इतकंच. लॅचची जीभ आतल्या आत अडकून होती. बहुधा तीन महिने.

शिंपीकाकांनी दाभण उचलला. "पन्नास मिनिटं," असं हळूच म्हणून ते खाली गेले.

चहा झाल्यावर आत्याने विचारलंच. "मग? कसं वाटलं पुस्तक?"

मुलीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घसा साफ केला. "ताई, मधे जरा लांबलंय. पण शेवट! शेवट अगदी खरा आहे."

"खरा?" आत्याने कप खाली ठेवला. "अरे, तिथेच तर माझं अडलं! शाळेसाठी घ्यावं की नाही ठरेना, म्हणून पोरीला वाचायला दिलं. दारापुढे एवढे शहाणे उभे, आणि एकालाही ढकलून बघावंसं वाटू नये? इतकी बावळट माणसं असतात का कुठे?"

बाबा उठले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लॅचपुढे जाऊन बसले.

मुलीने डोळ्यांवरचे केस मागे सारले. "घे, आत्या, शाळेसाठी नक्की घे," ती म्हणाली. "त्यातली ती दासी मला फार आवडली."