जादू कशावर चालते?

जादूगाराला अक्कल लागत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस आमच्या महाडात आहे. तो म्हणजे माझे शेजारी इक्बालभाई.

मस्कतला गोदाम सांभाळताना खोलीतल्या एका फिलिपिनो सोबत्याने त्यांना या खेळाचा नाद लावला. कागदावर एक माणूस रचायचा, त्याला ताकद, दम, बुद्धी यांचे गुण द्यायचे आणि गोष्ट सांगत सांगत फासे टाकायचे. लोक आखातातून सोनं आणतात, यांनी फासे आणले. दर रविवारी दुपारी त्यांच्या ओटीवर आम्ही चौघे जमायचो. गोष्ट इक्बालभाई सांगणार. मी लढवय्या. बँकेतले कांबळे चोर, यावर इक्बालभाई अजून हसतात. आणि त्यांची बायको, आमच्या हमीदाभाभी, जादूगारीण. गोष्टीतला राक्षस इथल्याच कुडपणच्या पठारावर राहायचा.

खेळाच्या पुस्तकाप्रमाणे जादू बुद्धीवर चालते. इक्बालभाईंचं म्हणणं, कागदावरची बुद्धी कसली बघता, खेळणाऱ्याची बघा. मागच्या रविवारचा मंत्र आठवला तरच जादू लागणार. भाभींना सगळे मंत्र तोंडपाठ. आम्ही बघत बसायचो.

एका रविवारी भाभींना मंत्र आठवेना. ओठ नुसते हलत राहिले. इक्बालभाईंनी फाटकन पुस्तक मिटलं.

"आजपासून जादू अकलेवर नाय, जिभेवर! राक्षसाला बोलून गार करायचा."

"हे पुस्तकात नाही," कांबळे म्हणाले.

"पुस्तकाला काय कळतंय?"

भाभींनी राक्षसाला असा झापला, की तो पोलादपूरपर्यंत पळत सुटला.

पुढे भाभींना शब्दही सापडेनासे झाले. मग जादू दमावर आली, श्वास रोखून धरायचा. मग ताकदीवर, मूठ आवळायची. कांबळे वैतागले. "अहो, सरकारसुद्धा इतके नियम बदलत नाही!" मलाही आधी तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. मग हळूहळू ध्यानात आलं. भाभींकडून जे जाईल, त्याच्यावरून इक्बालभाई जादू उचलायचे आणि जे उरलंय त्याच्यावर नेऊन ठेवायचे.

एकदा मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा स्वतःच बोलले. "जन्म मस्कतला गेला रे. ही हितं एकली ऱ्हायली. आता मी कायमचा आलो, तं हीच निघाली. खेळात तरी धरून ठेवतो."

परवाच्या रविवारी त्यांनी भाभींच्या हातावर फासा ठेवला. भाभी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग ओढणी सारखी करून अदबीने म्हणाल्या, "तुमी कुठचं?"

इक्बालभाईंना नियम सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा सुचला नसेल.

"मी व्हय?" ते शेवटी म्हणाले. "तुमच्याच टोळीतला, बाई."

"मग उन्हाचं जाव नका. चाय घेऊन जा."

"घेतो की."

चहा करायला तेच आत गेले. बराच वेळ लागला. ट्रे खाली ठेवल्यावर भाभींनी पहिला कप पाहुण्यापुढे सरकवला. इक्बालभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि संकोचलेल्या पाहुण्यासारखे ओटीच्या कडेला टेकून प्यायले.

कांबळ्यांना आणि मला मान वर करवेना.