उतारावर पाठ करून उभा मल्लप्पा

मोटारीचे ब्रेक दुरुस्त केले की मल्लप्पा मिस्त्री त्याच मोटारीपुढे जाऊन उभा राहायचा. तोही पाठ करून. विजापूर रस्त्याला त्याच्या गॅरेजपासून ओढ्याच्या पुलाकडे एक उतार जातो. उताराच्या मध्यावर, रस्त्याच्या कडेला एक बाभूळ. मल्लप्पा त्या बाभळीपाशी उभा राहणार आणि मोटारीच्या मालकानं वरून गाडी थेट त्याच्यावर आणायची. "या की अंगावर! भेता कशाला? ब्रेक मी बशिवलाय!" गाडी थांबली तर गाडी पास. नाही थांबली तर मल्लप्पा नापास.

मी पेशानं वकील. बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास सासऱ्यांनी आपली जुनी मोटार माझ्या गळ्यात मारली. तेव्हापासून मागच्या चाकांची लायनरं बदलायला मल्लप्पाकडे जाणं आलं. लायनर म्हणजे ब्रेकवर बसवलेली पट्टी. ती झिजली की आपण पाय दाबत राहतो आणि गाडी स्वतःच्या मर्जीनं चालते. पहिल्यांदा मल्लप्पाला उतारावर उभा पाहिला तेव्हा मी आधी हँडब्रेकच ओढला. कोर्टात कितीही मोठ्यानं बोलत असलो तरी मी मुळात भित्रा माणूस. एका माणसाचा जीव माझ्या उजव्या चपलेखाली, आणि तो पाठमोरा तंबाखू मळतोय!

गाडी थांबली. मल्लप्पा लगेच वळला नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, मग बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "पास!" देवाचं नाव घेत असेल, असं मला वाटलं. त्याच्या जागी मीही घेतलं असतं.

त्याचा दुसरा छंद म्हणजे गिऱ्हाईक आलं की विचारणं, "घाई हाय का?" 'हो' म्हणालात की मेलात. मग तो पाना खाली ठेवून चहा मागवायचा. लायनरची कड कानशीनं घासायचा, नाकाशी धरून हुंगायचा, पुन्हा घासायचा. एका फौजदाराला त्यानं असा दुपारपर्यंत बसवून ठेवला होता. आसपासचे लोक त्याला अर्धवट म्हणायचे. मीही बाररूममध्ये त्याची नक्कल करून हशा मिळवलेला आहे. आता ते सांगायची लाज वाटते.

एकदा अक्कलकोटच्या कोर्टात माझी तारीख होती आणि नेमकं सकाळीच मागच्या डाव्या चाकातून खरखर ऐकू यायला लागली. मल्लप्पानं चाक उतरवलं. लायनर पार संपलं होतं. नवं बसवून होईपर्यंत साडेनऊ झाले. आता तो उजव्या चाकाकडे सरकला.

"ते राहू द्या, मिस्त्री," मी म्हणालो. "ते बरं आहे. उद्या करू."

मला वाटलं, आता हा चहा मागवणार. पण तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"येकाच चाकाचं? वकीलसाहेब, येक चाक धरतंय, दुसरं न्हाय धरत. गाडी आडवी हुती की."

"अहो, एका दिवसात काय होतंय?"

"येक दिस कुटं? त्या खेपेला धा मिन्टं बी गेली न्हाईत." तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. "आसंच डावं झालं हुतं. माजी बायको, गंगव्वा, तितं बाभळीपाशी उबी हुती. मंद्रूपच्या बाजाराला जायचं हुतं आमाला. तितनंच हाक मारली तिनं, चला की, यस्टी जाईल. गिऱ्हाइकाला घाई नव्हती साहेब. मलाच हुती. म्हनलं, उजवं उद्या करू, न्या गाडी. उतारावर बैलगाडी आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला. गाडी फिरली ती बाभळीकडं. तिची गाडीकडं पाठ हुती. यस्टीची वाट बगत हुती ती."

मी स्टूल ओढून बसलो. तारीख चुकली, पक्षकारानं पुढे माझा यथेच्छ उद्धार केला. उजवं चाक व्हायला पावणेबारा वाजले.

मग मल्लप्पा उतरून गेला आणि बाभळीपाशी पाठ करून उभा राहिला. "या की!"

माझ्याच्यानं गाडी सोडवेना. इतकी वर्षं ज्याला मी विक्षिप्तपणा म्हणून हसत होतो, तो माणूस दर खेपेला तिच्या जागी उभा राहत होता. खालून त्यानं पुन्हा हाक दिली, तेव्हा कशीबशी सोडली. ब्रेकनं दोन्ही चाकं सारखी धरली. त्याच्यापासून दोन हातांवर गाडी थांबली.

तो वळला नाही. काच खाली होती, म्हणून त्याचं पुटपुटणं त्या दिवशी पहिल्यांदाच मला नीट ऐकू आलं.

"थांबली गं," मल्लप्पा म्हणत होता. "चल आता. यस्टी जाईल."