अक्का आणि आवळलेल्या चोळ्या

उदगिरात आमच्या शेजारच्या अक्का भेटल्या की ख्यालीखुशाली विचारत नसत. समोरच्या बाईच्या काखेखाली चोळीच्या शिवणीत बोट घालून बघत. बोट अडकलं की तिथंच, आडावर असो नाहीतर देवळाच्या पायरीवर, म्हणत, "दम घे बरं. पोटातून घे." तिला तो घेता आला नाही की अक्कांचं तोंड सुटायचं. "इतकं आवळून कशाला राहिलीस? आत चोर धरलाय का? सैल सोड, कुणी पळून जात न्हाई!"

बायका पदर तोंडाला लावून हसत आणि दुरूनच वाट बदलत. निजामाचं राज्य होतं, आम्ही शाळेत उर्दूतून पहाडे म्हणायचो, आणि चोळीचा विषय पुरुषांपुढं काढायची सोय नव्हती. अक्का मात्र थेट करीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात जाऊन उभ्या राहायच्या. चाचा बिचारे मशीन थांबवून मान खाली घालत. "मैं क्या करूं अक्का? घर के लोगां बोलते, कस के सीओ."

"मग घरच्या लोगांनाच घालायला लावा!"

तहसीलदारीणबाईंच्या हळदीकुंकवात तर कहर झाला. बाईंच्या दंडात बाही रुतलेली पाहून अक्कांनी भर बैठकीत कातर मागितली. त्यांच्याबरोबर गेलो म्हणून आमचंही त्या घरचं बोलावणं कायमचं बंद झालं. माझी पहिली चोळी अक्कांनीच शिवली होती. आई म्हणाली, "यात तू अन् मी, दोघी मावू."

त्याच वर्षी पलीकडच्या घरची सून मालन बाळंत झाली. ती हैदराबादची. लग्नात आईनं दिलेली, मागं बटनं असलेली बॉडी ती चोळीच्या आत घालायची. बाळंतपणात अंग भरलं, बॉडी होती तेवढीच राहिली. "घरात पुरुषमाणसं हायत, सैल हिंडायचं न्हाई," असं सासूनं बजावलेलं. मालनला ताप भरला. बाळ रडून रडून निळं पडायचं. सासूनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

अक्कांना कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानंच निघाल्या, मी मागं. मालन बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. अक्कांनी हात धुतले, चोळीची गाठ सोडली, बॉडीची बटनं काढली. छातीखाली पट्टी रुतून कातडी सोललेली. एका बाजूला दगडासारखी गाठ.

"अगं, सांगायचं न्हाईस?"

"काय सांगू अक्का? अन् कुणाला?"

सासू दारातून ओरडली, "बाळंतिणीचं अंग उघडं टाकलंत! लोक काय म्हणतील?"

"लोकांना दूध पाजायचं न्हाई तिला. पाणी गरम करा आधी."

अक्कांनी शेक दिला, हलक्या हातानं चोळलं, बाळाला पुन्हा पुन्हा त्याच बाजूला लावलं. दवाखान्यातल्या नर्सबाई औषध देऊन गेल्या. घरी येऊन अक्कांनी आपलं मऊ लुगडं फाडलं आणि मालनसाठी ढगळ चोळ्या शिवायला घेतल्या. ताप उतरला तेव्हा सासू हळूच अक्कांजवळ सरकली. "मलाही हो, जरा काखेत काचतंय."

त्या दिवशी आम्ही दोघी मालनच्या खोलीबाहेर बसलो होतो. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला हे कसं कळलं?"

"मला मुलगी झाली होती."

अक्कांना मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला माहीत.

"मलाही अशीच गाठ आली होती. चोळी सैल केली की अंग सुटतं म्हणायचे. मी लाजेनं बोललेच न्हाई. ती भुकेनं रडायची अन् मी बकरीचं दूध बोळ्यानं पाजायची. तिला न्हाई मानवलं ते."

मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत बाळ अंगावर पीत होतं. गटक, गटक असा बारीक आवाज येत होता. अक्का डोळे मिटून, भिंतीला कान लावून, तो आवाज थांबेपर्यंत ऐकत बसल्या.